सह्याद्रीतला ओढा घरच्या टाकीत: पट्टा निवडण्यापासून पहिल्या चढणीपर्यंत

घरात माशांची टाकी आणायची म्हटली की बहुतेक जण आधी दुकानात जातात, डोळ्यांत भरतील ते मासे पिशवीत बांधून घेतात आणि मग त्यांच्या राहण्याची सोय लावतात. ओढ्यावर बेतलेल्या टाकीत हा क्रम उलटा असतो. आधी ओढ्याचा एक ठरावीक पट्टा डोळ्यांखालून घालायचा, त्या पट्ट्यातले दगड, प्रवाह, पाणी आणि पाचोळा यांची जुळणी करायची, ती जुळणी महिना-दीड महिना माशांविना चालवून पाहायची आणि सर्वांत शेवटी मासे सोडायचे. या लेखात मी सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरचा, दक्षिण कोकण आणि गोव्याच्या बाजूला उतरणारा सावलीतला ओढा नमुना म्हणून घेतला आहे. आपल्याला तो प्रत्यक्ष जाऊन पाहता येतो, हा त्यातला सर्वांत मोठा लाभ आहे.

आधी ओढा पाहावा

पावसाळ्यात हे ओढे गढूळ आणि धोकादायक असतात, तर एप्रिल-मेमध्ये त्यांतले अनेक तुटक डोहांपुरते उरतात. पाहणीसाठी ऑक्टोबरअखेरपासून जानेवारीपर्यंतचा काळ उत्तम, कारण तेव्हा पाणी नितळ असते आणि प्रवाह चालू असतो. ओढ्याची रचना साधारणपणे खळाळ आणि डोह अशी आलटून पालटून येते. खळाळात पाणी उथळ असते, दगड मोठे असतात आणि त्यांच्यामध्ये वाळू ठरत नाही. त्याखाली पाणी संथ होते तिथे वाळू बसते आणि डोहाच्या कडेला, वळणाच्या आतल्या बाजूला पाचोळा साठतो. घरच्या टाकीसाठी खळाळाचा शेवट आणि डोहाची सुरुवात जिथे भेटतात तो पट्टा निवडावा, कारण तेवढ्या जागेत प्रवाहात राहणारे आणि आडोशाला राहणारे असे दोन्ही प्रकारचे मासे दिसतात.

काठावर अर्धा तास हालचाल न करता बसावे. आपली सावली पाण्यावर पडताच मासे पांगतात, परंतु दहा-पंधरा मिनिटांत ते आपापल्या जागी परततात आणि मग कोण कुठे उभा राहतो ते कळते. मोठ्या गोट्याच्या मागे पाणी जिथे उलटे फिरते, तिथे बार्ब गटातले लहान मासे तोंड प्रवाहाकडे करून जेमतेम शेपटी हलवत थांबलेले असतात. वरून एखादा कण वाहत आला की एक जण प्रवाहात झेपावतो, तो टिपतो आणि पुन्हा त्याच वितभर जागेत येऊन उभा राहतो. ही वितभर संथ जागा टाकीत निर्माण करणे हेच या संपूर्ण खटाटोपाचे मर्म आहे. वहीत पाण्याची खोली, गोट्यांचा आकार, सावलीचे प्रमाण, सकाळचे आणि दुपारचे तापमान आणि जमल्यास टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) व पीएच (पाण्याच्या आम्लतेचा अंक) यांची नोंद करावी. ओळखीच्या ठिकाणी हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात अशा दोन फेऱ्या झाल्या तर फारच चांगले.

ओढ्यावरून परतताना मात्र सोबत वही आणि छायाचित्रे एवढेच असावे. अभयारण्यातून किंवा राष्ट्रीय उद्यानातून मासे, वनस्पती किंवा वनोपज विनापरवाना नेणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, आणि जिथे तशी बंदी नाही तिथेही संयम हवाच. आंबोलीला हिरण्यकेशी नदीच्या उगमापाशी असलेल्या मंदिराच्या कुंडात सापडलेल्या माशाचे ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ या नावाने 2020 मध्ये वर्णन प्रसिद्ध झाले आणि 2021 मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाली. एखाद्या जातीचा ज्ञात अधिवास इतका लहान असू शकतो, हे लक्षात घेतले म्हणजे ‘दोन-चार मासे उचलले तर काय बिघडते’ हा प्रश्न मनात येत नाही.

टाकी आणि तिचे वजन

प्रवाहातल्या माशांना उंचीपेक्षा लांबी लागते. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि सव्वा फूट उंच टाकी हे मी किमान माप मानतो. टाकीत काठापासून चार-पाच सेंटिमीटर खालपर्यंत पाणी भरले आणि दगडांनी व्यापलेली जागा वजा केली, तर सुमारे 165 लिटर पाणी उरते. पाणी, 50 किलोच्या आसपास दगड, 27 किलो वाळू आणि 10 मिलिमीटर जाडीची काच मिळून भार 300 किलोच्या घरात जातो, म्हणून लोखंडी स्टँड सपाट जमिनीवर, तुळईजवळ किंवा भिंतीला लागून ठेवावे आणि टाकीखाली थर्माकोल किंवा फोमचा पातळ थर द्यावा. वरचे झाकण घट्ट असावे, कारण ओढ्यातले डॅनिओ नावाचे चपळ लहान मासे उड्या मारण्यात पटाईत असतात आणि पाइपसाठी ठेवलेल्या दोन बोटांच्या फटीतूनही ते बाहेर पडतात.

दगड आणि वाळू

महाराष्ट्रातील सह्याद्रीचा मोठा भाग बेसॉल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा आहे. हा दगड पाण्यात विरघळत नाही आणि पाण्याचा गुणधर्म फारसा बदलत नाही, म्हणून तो या टाकीला सर्वार्थाने योग्य ठरतो. येथे एक खबरदारी सहसा कोणी सांगत नाही. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये पूर्वीच्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या असतात आणि त्या पांढऱ्या खनिजांनी भरलेल्या असतात. त्यांतली काही झिओलाइट असतात, तर काही कॅल्साइट. कॅल्साइट पाण्याचा कठीणपणा हळूहळू वाढवत राहते. पांढऱ्या ठिपक्यावर सौम्य आम्लाचे किंवा निदान लिंबाच्या रसाचे चार थेंब टाकावेत आणि बारीक बुडबुडे उठले तर तो दगड बाजूला ठेवावा. जांभा दगड कोकणाची ओळख असला तरी त्याची भुकटी सुटत राहते आणि पाणी तांबूस-गढूळ होते, म्हणून तो टाळलेला बरा.

दगड बांधकाम साहित्याच्या किंवा बागकामाच्या दुकानातून गुळगुळीत गोट्यांच्या स्वरूपात घ्यावेत, ब्रशने घासावेत आणि धुवावेत. साबण अजिबात वापरू नये. आकारांची सरमिसळ हवी: नारळाएवढे चार-पाच, मुठीएवढे पंधरा-वीस आणि लिंबाएवढे बरेच. सगळे गोटे एकाच मापाचे घेतले तर ओढ्याऐवजी रस्त्याच्या कामाची खडी पसरल्यासारखी दिसते. मोठे दगड वाळूवर ठेवू नयेत. आधी तळाच्या काचेवर प्लास्टिकची जाळी अंथरून त्यावर ते पक्के बसवावेत आणि मग भोवताली वाळू ओतावी. वाळू उकरणाऱ्या माशांनी खालचा आधार काढला तर वर ठेवलेला दगड काचेवर कोसळू शकतो. वाळू अर्धा ते एक मिलिमीटर जाडीची, जलतरण तलावाच्या फिल्टरसाठी मिळते तशी धुतलेली घ्यावी. तीन सेंटिमीटरच्या थरासाठी सुमारे 27 किलो लागते. नदीतून वाळू उचलू नये.

मांडणी करताना टाकीच्या लांबीचा एक-तृतीयांश भाग खळाळासाठी आणि उरलेला डोहासाठी धरावा. खळाळाच्या बाजूला दगडांची रास पाण्याच्या पृष्ठभागापासून चार-पाच सेंटिमीटर खालपर्यंत चढवावी, ती हळूहळू उतरत न्यावी आणि दूरच्या टोकाला मोकळी वाळू ठेवावी. प्रत्येक मोठ्या गोट्याच्या मागे पसाभर जागा रिकामी सोडावी, कारण माशांच्या उभे राहण्याच्या जागा त्याच आहेत.

प्रवाह

साध्या टाकीत फिल्टर एका कोपऱ्यातून पाणी ओढतो आणि तिथेच परत सोडतो, त्यामुळे पाणी गोल गोल फिरते. ओढ्याचे पाणी एका दिशेने जाते. हा फरक भरून काढण्यासाठी वाळूखालून पाइप टाकण्याची पद्धत सर्वांत भरवशाची आहे. टाकीच्या उजव्या टोकाला स्पंजचे दोन उभे दंडगोल असतात. त्यांच्या तळातून एक इंची पीव्हीसीचे दोन पाइप वाळूखालून डाव्या टोकापर्यंत जातात. तिथे कोपराच्या जोडणीने ते वर वळतात आणि प्रत्येकावर एक पाण्यात बुडणारा पंप बसतो. पंप उजवीकडच्या स्पंजमधून पाणी ओढतात आणि डावीकडून उजवीकडे ढकलतात. स्पंज हाच गाळणीचे आणि उपयुक्त जिवाणूंच्या वस्तीचे काम करतो, त्यामुळे निराळा फिल्टर नसला तरी चालते.

पाइपची जोडणी कोरडी, नुसती दाबून करून पाहावी आणि पंप चालू करून तपासूनच वाळू ओतावी. चिकटवण्याचे सोल्युशन वापरलेच तर ते पूर्ण सुकू देऊन पाइप दोन-तीन वेळा पाण्याने धुवावेत. पंपांची एकत्रित क्षमता तासाला टाकीच्या पाण्याच्या आठ ते दहा पट असावी. म्हणजे 165 लिटरसाठी तासाला 800 लिटरचे दोन पंप पुरेसे होतात. दोन पंप घेण्याचे कारण केवळ जोर हे नाही: एक बंद पडला तरी दुसरा चालू राहतो, आणि ऋतूनुसार प्रवाह कमी-जास्त करायचा असेल तर एक बंद ठेवता येतो. पंप पृष्ठभागाच्या थोडे खाली, पाणी वर उसळेल असे ठेवावेत.

पाणी हलण्यामागे प्राणवायूचे गणित आहे. संपृक्त अवस्थेत 25 अंश सेल्सिअसला एका लिटर पाण्यात सुमारे 8.2 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर 30 अंशांना तो 7.5 मिलिग्रॅमपर्यंत उतरतो, आणि त्याच वेळी माशांची गरज मात्र उष्णतेने वाढते. ओढ्यातल्या माशांना भरपूर प्राणवायूची सवय असते. माझ्या पहिल्या अशा टाकीत मे महिन्यातल्या एका रात्री पाच तास वीज नव्हती आणि पहाटे उठून पाहिले तेव्हा पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड लावून श्वास घेणाऱ्या माशांपैकी सहा गेले होते. तेव्हापासून वीज जाताच आपोआप सुरू होणारा बॅटरीचा एअर पंप टाकीला जोडलेला असतो. ज्यांच्या घरी इन्व्हर्टर आहे त्यांनी एक पंप त्यावर घ्यावा. तो साधारण 10 ते 20 वॅटच खातो.

पाणी

पश्चिम उतारावरच्या ओढ्यांचे पाणी बहुतेक पावसाचे आणि झऱ्याचे असल्याने मऊ असते. टाकीसाठी पीएच 6.5 ते 7.5, टीडीएस 50 ते 150 आणि तापमान 22 ते 27 अंश हे लक्ष्य ठेवावे. धरणातून येणारे नळाचे पाणी अनेक शहरांत या मर्यादेच्या जवळ असते; बोअरचे पाणी मात्र बहुधा कठीण असते आणि त्याचा टीडीएस 500 च्या वरही जातो. तसे असेल तर त्यात आरओचे शुद्ध पाणी किंवा गच्चीवर साठवलेले पावसाचे पाणी मिसळावे. पहिल्या दोन-तीन सरींचे पाणी धूळ आणि शेवाळ वाहून आणते, म्हणून ते सोडून द्यावे. नुसते पावसाचे किंवा नुसते आरओचे पाणी वापरू नये, कारण त्यात पीएच सावरून धरणारे क्षार जवळपास नसतात आणि जिवाणूंच्या कामामुळे निर्माण होणाऱ्या आम्लाने तो अचानक घसरू शकतो.

नळाच्या पाण्यातला क्लोरीन घालवण्यासाठी दुकानात मिळणारे अँटिक्लोरीन, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, वेष्टनावरील प्रमाणात घालावे. पावसाळ्यात धरणाचे पाणी गढूळ होते तेव्हा क्लोरीनचा वास जास्त जाणवतो. अशा दिवसांत पाणी पिंपात भरून, एअर पंप लावून एक रात्र ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी वापरावे.

उन्हाळ्यात पाणी थंड ठेवणे हे विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांना सर्वांत अवघड जाणार आहे. झाकणाच्या जागी जाळी लावून पृष्ठभागावर लहान पंखा सोडला तर बाष्पीभवनाने तापमान दोन ते चार अंश उतरते. दमट किनाऱ्यावर हाच उपाय कमी लागू पडतो. बर्फाचे खडे टाकून एकदम थंड करू नये. उडालेले पाणी भरून काढताना टीडीएस कमी असलेले पाणी वापरावे, नाहीतर क्षार साचत जातात.

पाचोळा, लाकूड आणि वनस्पती

ओढ्याच्या काठी जांभूळ, उंबर, करंज अशी झाडे असतात आणि त्यांची पाने पाण्यात पडून कुजतात. टाकीत गळून पडलेली, पूर्ण वाळलेली आणि फवारणी न झालेल्या झाडाची पाने घालावीत. जांभूळ आणि देशी बदाम यांची पाने जाड असल्याने महिनाभर टिकतात. ती उकळत्या पाण्यातून काढावीत, डोहाच्या टोकाला आठ-दहा पसरावीत आणि जाळी झालेली पाने काढून नवी घालावीत. त्यांच्यामुळे पाणी किंचित चहाच्या रंगाचे होते आणि ते तसेच असायला हवे. लाकूड पूर्ण सुकलेले, साल काढलेले असावे. पाण्यात बुडेपर्यंत दोन-तीन आठवडे बादलीत भिजत ठेवावे.

वनस्पती मोजक्याच ठेवाव्यात, कारण सावलीतल्या खऱ्या ओढ्यात त्या विरळच असतात. क्रिप्टोकोरिनच्या काही जाती सह्याद्रीच्या ओढ्या-नद्यांच्या वाळूत मूळ धरून वाढतात आणि त्यांपैकी ‘रेट्रोस्पायरालिस’ व ‘स्पायरालिस’ या रोपवाटिकेत वाढवलेल्या मिळू शकतात. त्या गोट्यांच्या मागे, मुळे वाळूत आणि खोड वर राहील अशा लावाव्यात. लावल्यावर पाने गळाली तरी रोप उपटू नये, ते मुळापासून पुन्हा फुटते. प्रकाश सहा ते आठ तास पुरतो.

दगडांवरची शेवाळाची पातळ साय घासून काढू नये, कारण अनेक माशांचे ते अन्न आहे. ती मुद्दाम वाढवायची असेल तर काही गोटे टाकीच्या पाण्यात बुडवून बादली उन्हात ठेवावी आणि दोन-तीन आठवड्यांनी टाकीतल्या गोट्यांशी त्यांची अदलाबदल करावी. बादलीवर बारीक जाळी बांधणे आणि दर आठवड्याला पाणी बदलणे अत्यावश्यक आहे, अन्यथा तिथे डासांची पैदास होईल.

माशांविना पहिला महिना

माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसरे त्या नायट्राइटचे नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही घातक आहेत आणि हे जिवाणू स्पंजमध्ये व वाळूत रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. या काळात त्यांना अन्न म्हणून अमोनियम क्लोराइड, म्हणजेच नवसागर, घालता येतो. बाजारातला नवसागर अशुद्ध असू शकतो, म्हणून प्रयोगशाळेच्या दर्जाचा घ्यावा. 165 लिटर पाण्यात एक ग्रॅम घातला की अमोनिया लिटरला सुमारे 2 मिलिग्रॅम होतो. चाचणी संचाने दर दोन दिवसांनी मोजावे, अमोनिया शून्यावर आला की पुन्हा तेवढीच मात्रा द्यावी. एक मात्रा दिल्यावर 24 तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसू लागले म्हणजे टाकी तयार झाली. मग निम्म्याहून जास्त पाणी बदलून नायट्रेट कमी करावे. ओळखीच्या कोणाच्या निरोगी, जुन्या टाकीतला स्पंजाचा तुकडा मिळाला तर हा काळ बराच कमी होतो.

मासे

1839 मध्ये ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि निसर्ग अभ्यासक कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या माशांचे वर्णन प्रसिद्ध केले तेव्हा अनेक जातींना त्यांनी इथल्या लोकांच्या तोंडची नावेच दिली; गारा मुल्या, टोर खुद्री, हिप्सेलोबार्बस कोलस ही शास्त्रीय नावे त्यातून आलेली आहेत. मुल्या खळाळातल्या दगडांना ओठांनी चिकटून शेवाळ खरवडतो आणि या टाकीत तो शोभेल असे कोणालाही वाटेल, परंतु बाजारात येणारा मुल्या बहुधा नदीतून पकडलेला असतो, म्हणून नवशिक्याने त्याच्याशिवाय सुरुवात करावी असे माझे स्पष्ट मत आहे. खुद्री तर महसीर आहे. तो मीटरभर वाढतो आणि घरच्या टाकीत त्याला जागा नाही.

बंदिवासात पैदास झालेले मासे मागावेत आणि विक्रेत्याला तसे थेट विचारावे. मधल्या पाण्यासाठी मलबार डॅनिओ आठ ते दहा घ्यावेत. हे चार इंचांपर्यंत वाढतात आणि प्रवाहाविरुद्ध सतत पोहतात. आडोशासाठी मेलन बार्ब, म्हणजे हालुदारिया फॅसिएटा, दहा-बारा ठेवावेत. अडीच इंचांचा हा पश्चिम घाटातलाच मासा आहे आणि नर रंगात आला की गडद तांबडा होतो. तळासाठी वाळू चाळणारे लहान लोच, म्हणजे तळाशी राहणारे लांबट मासे, पाच-सहा पुरेत. यापेक्षा जास्त गर्दी करू नये. ‘मिस केरला’ म्हणून विकला जाणारा सह्याद्रिया डेनिसोनी सहा इंचांचा होतो आणि त्याच्या कळपाला सहा फुटी टाकी लागते. शिवाय शोभेच्या माशांच्या व्यापारासाठी झालेल्या पकडीमुळेही तो नैसर्गिक अधिवासात संकटग्रस्त ठरला आहे.

नवे मासे तीन-चार आठवडे निराळ्या साध्या टाकीत ठेवावेत. मुख्य टाकीत सोडताना पिशवी तरंगत ठेवून तापमान जुळवावे, बारीक नळीतून थेंब थेंब पाणी तासभर मिसळावे आणि पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये. पहिल्या दिवशी डॅनिओ, दोन आठवड्यांनी बार्ब आणि शेवटी लोच या क्रमाने जावे.

आठवडा आणि ऋतू

दर आठवड्याला एक-चतुर्थांश पाणी बदलावे आणि नायट्रेट लिटरला 20 मिलिग्रॅमच्या खाली राहतो का ते पाहावे. दोन स्पंजांपैकी एकच, तोही काढलेल्या टाकीच्या पाण्यातच पिळावा; दुसरा पुढच्या पंधरवड्यात. अन्न दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढे द्यावे. बारीक दाण्यांसोबत गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या), डाफ्निया (पाणपिसवा) आणि उकडलेल्या दोडक्याची चकती द्यावी. आठवड्यातून एक दिवस उपास चालतो.

एप्रिल-मेमध्ये पाण्याची पातळी पाच-सहा सेंटिमीटर उतरू द्यावी, पाणी थोडे कमी बदलावे आणि तापमान 28 पर्यंत गेले तरी घाबरू नये. मात्र पृष्ठभाग हलता ठेवावा. कोकणात पहिल्या पावसात ओढ्यातून वर येणाऱ्या माशांना चढणीचे मासे म्हणतात. त्याच सुमारास, जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, टाकीतही तो बदल घडवावा: चार-पाच दिवस रोज एक-पंचमांश पाणी दोन अंश थंड आणि मऊ पाण्याने बदलावे, पातळी पूर्ण भरावी, दोन्ही पंप चालू करावेत आणि जिवंत अन्न वाढवावे. बहुधा तिसऱ्या-चौथ्या सकाळी उजाडताना मेलन बार्बचा नर मादीच्या कुशीला घासत तिला क्रिप्टोकोरिनच्या झुबक्यात लोटताना दिसतो. दोघे क्षणभर थरथरतात आणि मोहरीहून लहान, पारदर्शक अंडी पानांवर आणि वाळूवर विखुरतात.

लगेच मागून येणारे दुसरे मासे ती खाऊ लागतात. अंडी हवी असतील तर आदल्या रात्रीच झुबक्याखाली प्लास्टिकच्या जाळीचा तुकडा आणि त्याखाली उथळ ताट ठेवावे, आणि सकाळी ते ताट त्याच पाण्याच्या, मंद एअर स्टोन लावलेल्या लहान टाकीत रिकामे करावे. 25-26 अंशांना अंडी एक-दोन दिवसांत फुटतात. पिल्ले पोहू लागेपर्यंत अन्न घालू नये, त्यानंतर आठवडाभर इन्फुसोरिया (पाण्यातले सूक्ष्मजीव) आणि मग नुकतेच उबवलेले आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले अगदी बारीक कोळंबीसारखे जीव) द्यावे. पिल्ले बोटाच्या पेराएवढी झाली की त्यांना मोठ्या टाकीत सोडता येते. जास्तीची पिल्ले ओळखीच्या हौशी पालकांना द्यावीत. ती मूळ सह्याद्रीच्याच जातीची असली तरी जवळच्या ओढ्यात, तळ्यात किंवा विहिरीत सोडू नयेत, कारण टाकीतले रोग त्यांच्यासोबत जातात आणि त्या ओढ्यातल्या माशांचा वंश वेगळा असू शकतो.